तोडायची परवानगी आहे, तपासणी कुठे आहे? मुंबईच्या जुन्या झाडांची पार्श्वभूमी

मे महिना आला की मुंबईत गल्लोगल्ली करवती चालू होतात. पावसाळापूर्व छाटणी हा महापालिकेच्या उद्यान खात्याचा दरवर्षीचा कार्यक्रम. रस्त्यावरची झाडं पालिका छाटते. सोसायटीच्या आवारातली झाडं सोसायटीने स्वतःच्या खर्चाने छाटायची, पण परवानगी पालिकेची घ्यायची. एवढी व्यवस्था असूनही जोराचा वारा सुटला की वरून हिरवीगार दिसणारी झाडं मुळासकट आडवी होतात, माणसं दगावतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या धडधाकट झाडाविरुद्ध तक्रार अर्ज जातो. असं का होतं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली. दाटीवाटीच्या वस्त्यांना हवा-उजेड मिळावा म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी त्यातूनच झाली. रुंद रस्ते, मोकळ्या जागा आणि कडेने झाडांच्या रांगा. दादरची पारशी कॉलनी आणि पाच उद्यानांचा परिसर आजही त्या आखणीची साक्ष देतो. शहरभर लावली गेली ती झाडं मात्र बरीचशी बाहेरून आलेली होती: मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष, मादागास्करचा गुलमोहर, श्रीलंका आणि आग्नेय आशियातला सोनमोहर. भराभर वाढणारी, लवकर सावली देणारी. पुढे सहकारी सोसायट्यांनीही आवारात हीच झाडं लावली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं फारशी खोल न जाणारी. पर्जन्यवृक्षाचा पसारा इतका मोठा की त्याला चारही बाजूंनी मोकळी जागा हवी. लावताना ती जागा होती, नंतर इमारती वाढल्या.

कायदा आला तो तोड थांबवण्यासाठी. राज्यात १९६४ मध्ये वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा झाला आणि शहरांसाठी १९७५ मध्ये महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यातून वृक्ष प्राधिकरणं आली, वृक्षगणना आली, विनापरवाना तोड हा गुन्हा ठरला. हे फार मोठं काम झालं. हा कायदा नसता तर शहरातली कितीतरी झाडं कधीच गेली असती. मुंबईच्या मागच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन घातलं.

पण या सगळ्या वाटचालीत मुख्य प्रश्न एकच राहिला: तोडायचं की नाही? उभ्या झाडाची प्रकृती कशी आहे, ती कोणी आणि कशी पाहायची, हा प्रश्न मागे पडला. किती छाटायचं हेही बऱ्याच सोसायट्यांमध्ये खाली उभे असलेले सेक्रेटरी आणि वर चढलेला कामगार, दोघांत ठरतं.

इतरत्र या प्रश्नाचा स्वतंत्र व्यवसाय झाला. अमेरिकेत १९२४ मध्ये सावलीच्या झाडांवर काम करणाऱ्यांची पहिली परिषद भरली. आजची आंतरराष्ट्रीय वृक्षसंगोपन संस्था त्यातूनच उभी राहिली. त्या काळात तिथेही ढोलीत सिमेंट भरत आणि फांदी खोडाला घासून सपाट कापत. ही समजूत मोडली ॲलेक्स शायगो या वनस्पतीरोग शास्त्रज्ञाने. अमेरिकी वन विभागात काम करताना यांत्रिक करवतीने त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठून कुठे जाते ते पाहिलं. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारतं आणि नवं लाकूड बाहेरून चढवतं. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी जी जाड कड असते, ती या संरक्षणाची जागा. कड शाबूत ठेवून तिच्या जरा बाहेर कापलं तर जखम बंद होते, कड कापली की कूज थेट खोडात शिरते.

हे कळून पन्नासेक वर्षं झाली. तरी आपल्याकडे आजही ढोलीत सिमेंट ओततात आणि शेंडा उडवून झाड ‘हलकं’ करतात. शेंडा उडवलेल्या झाडाला दोन पावसाळ्यांत दाट फुटवे येतात. त्यांचा जोड फक्त वरवरचा असतो आणि खाली लाकूड कुजत असतं. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली केलेली छाटणीच पुढच्या अपघाताची तयारी करते. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, कारण यात पैसा वाचत नाही, वेळ वाचत नाही आणि झाडही वाचत नाही.

जर्मनीत कार्ल्सरूहचे भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांनी १९९० च्या दशकात नजरेने तपासणी करायची शिस्तबद्ध पद्धत रूढ केली. ताण येतो तिथे झाड जास्तीचं लाकूड चढवतं, म्हणून खोडावरचा फुगवटा किंवा कडा आतल्या दोषाची खूण ठरू शकते. मधे साल अडकलेला दोन खोडांचा जोड, बुंध्याशी उगवलेली कडक लाकडी भूछत्रं, एका बाजूची जमीन उचलली जाणं, या खुणा वाचायच्या. शंका आली तरच ध्वनिलहरी किंवा बारीक सुई आत घालणारी यंत्रं वापरायची. ढोली आहे म्हणजे झाड पडणार असं नाही. पोकळीभोवतीच्या घट्ट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्के असेल तर खोड तग धरतं, असा मॅटेक यांचा अंदाज आहे. त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण नुसती ढोली पाहून कुऱ्हाड उचलायची नाही, यावर नाही.

धोका मोजताना तीन गोष्टी एकत्र पाहतात: झाड किंवा फांदी मोडायची शक्यता, खाली कोणी असायची शक्यता आणि लागलं तर इजा किती. उद्यानाच्या कोपऱ्यातलं कुजकं झाड आणि शाळेच्या फाटकावरचं तसंच झाड यांचा धोका वेगळा, तो याचमुळे.

मुळांचा प्रश्न मात्र मुंबईत सर्वांत बिकट आहे. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. बांधकामाजवळच्या झाडांसाठीचं ब्रिटिश मानक सांगतं की छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येत खोदू नये. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला हे अंतर ७.२ मीटर येतं. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती किमान एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं, आणि अनेक शहरांत तेवढंही पाळलं जात नाही. मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायची मोहीम सुरू झाली. केबल, जलवाहिनी, गटार, प्रत्येक कामाचा चर त्याच फूटपाथखालून जातो. रस्त्याच्या बाजूची मुळं तुटतात, इमारतीच्या बाजूच्या फांद्या छाटलेल्या असतात, भार एकीकडे आणि आधार दुसरीकडे. वर पानं हिरवीच राहतात. मग जुलैमध्ये माती भिजून सैल होते, नैर्ऋत्येचा झोत येतो आणि बातमीत लिहिलं जातं, ‘झाड उन्मळून पडलं’. चर कधी खोदला गेला होता, हे त्या बातमीत येत नाही.

चांगल्या तपासणी अहवालात ही माहिती आधीच असते: झाडाची जात, खोडाचा घेर, दिसलेले दोष, आजूबाजूची खोदकामं, खाली काय आहे आणि पुढची तपासणी कधी. आणि उपाय बहुतेक वेळा तोड हा नसतो. मेलेली फांदी काढणं, पसारा टोकाकडून थोडा कमी करणं, बुंध्याभोवतीच्या लाद्या काढून आळं मोकळं करणं, नाहीतर गाडी लावायची जागा आणि ज्येष्ठांचा बाक दहा पावलं हलवणं. काही झाडं खरंच काढावी लागतात, विशेषतः बुंध्याला भूछत्रं आलेला म्हातारा गुलमोहर. अशा सोसायटीने त्याच्या शेजारी बकुळ किंवा करंज आत्ताच लावावा, म्हणजे गुलमोहर जायच्या वेळेपर्यंत त्याची सावली धरलेली असेल.