आरटीईची फ्री सीट आणि झेडपीची चांगली शाळा : दोन्ही ‘फुकट’, पण एकच नाहीत

दरवर्षी आरटीईचे, म्हणजे खाजगी शाळेत लॉटरीने मिळणाऱ्या मोफत जागांचे, फॉर्म सुरू झाले की आमच्या गल्लीत एकच प्रश्न फिरतो, "लागला का नंबर?" आणि ज्यांचा लागत नाही ते तोंड पाडून म्हणतात, "नाही ना, आता झेडपीतच घालावं लागणार." त्या "झेडपीतच" मधला "च" मला फार लागतो. कारण माझ्या घरात दोन्ही आहे. मोठा मुलगा आरटीईच्या सीटवर इंग्लिश मीडियमला, आता सातवीत, आणि धाकटीचा नंबर लागला नाही म्हणून ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीला. दोन्ही शाळांच्या पालक सभांना मी बसलेय, दोन्हीकडचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्या फोनवर आहेत, म्हणून सांगते की लोक या दोन गोष्टी एकाच माळेत ओवतात ते चुकीचं आहे.

आधी शब्दाचाच घोळ काढू. आरटीई म्हणजे लॉटरी नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलासाठी. त्यातल्या 12 व्या कलमात एक तरतूद आहे की खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या. बस, आपण ज्याला "आरटीई" म्हणतो ते एवढंच. झेडपीची शाळाही त्याच कायद्याखाली येते, तिथलं मूलही आरटीईचंच मूल आहे, फक्त त्याला लॉटरी लागावी लागत नाही.

हा घोळ 2024 मध्ये अजून वाढला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारीत नियम बदलला की ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला 25 टक्क्यांतून सूट, आणि मग ऑनलाइन फॉर्ममध्ये शाळा निवडायला गेलं की झेडपीच्या शाळाच दिसायला लागल्या. लोक चक्रावले, अरे इथे तर असंही अ‍ॅडमिशन मिळतं मग फॉर्म कशाला भरायचा. पुढे मुंबई हायकोर्टाने आधी स्थगिती दिली आणि जुलै 2024 मध्ये तो बदल रद्दच केला, त्यामुळे आता 25 टक्के पुन्हा पहिल्यासारखं आहे. पण डोक्यातला गोंधळ काही गेला नाही.

आता सीटचं बघा कसं असतं. ऑनलाइन फॉर्म, त्यात घराचं लोकेशन नकाशावर टाकायचं, घराजवळच्या शाळांना प्राधान्य, जातीचा दाखला नाहीतर 1 लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा. लॉटरी निघते, मेसेज येतो, मग पडताळणी समितीपुढे कागद घेऊन जायचं. लोकेशनची ती लाल टाचणी जरा इकडे तिकडे पडली तरी पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून मी तर फॉर्म भरताना घरासमोरच्या पाण्याच्या टाकीवरून चारदा खात्री केली होती. मोठ्याचा मेसेज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात रडले होते हे खरंय. त्या सीटची किंमत मला माहितीये, उगाच नावं ठेवायला मी बसले नाहीये.

पण ती सीट म्हणजे नक्की काय मिळतं, तर एका मुलाला एका शाळेत आठवीपर्यंत फी माफ. सरकार शाळेला त्या मुलामागे वर्षाला पैसे देतं, आपल्या राज्यात तो आकडा 17,670 रुपये ठरला होता आणि कोविडच्या काळात तर तो 8,000 वर आणला होता, आणि ते पैसेही वेळेवर येत नाहीत म्हणून शाळा सरकारवर चिडलेल्या असतात आणि तो राग कधीकधी आपल्या पोरांवर निघतो. आमच्या बाबतीत निघाला. एका वर्षी मोठ्याला स्नेहसंमेलनाचे पैसे भरले नाहीत म्हणून नाचातून बाहेर बसवलं, तो घरी येऊन काही बोललाच नाही, मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. सगळ्याच शाळा अशा करतात असं मी म्हणत नाही. पण बस, ट्रिप, अ‍ॅक्टिव्हिटी, शाळेने सांगितलेल्या दुकानातली पुस्तकं, हे सगळं मिळून वर्षाचा खर्च आमचा बराच होतो आणि ते कोणी फॉर्म भरताना सांगत नाही. नियमात पुस्तकं आणि गणवेश त्या मुलांनाही मोफत द्यायचं लिहिलेलं आहे, ते शाळेत जाऊन स्वच्छ विचारायला हवं, पहिल्याच दिवशी, भिडेखातर गप्प बसू नका. आणि नववीला काय? नववीला फी सुरू. दोन वर्षांनी आमच्यापुढे तो डोंगर उभा आहे.

आता झेडपीची चांगली शाळा. चांगली हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण सगळ्या चांगल्या नसतात हे मलाही दिसतं. पण जिथे आहे तिथे ती काय देते?

धाकटीच्या अ‍ॅडमिशनला मी आधार कार्ड आणि जन्मदाखला घेऊन गेले, पंधरा मिनिटांत नाव चढलं. ना मुलाखत, ना डोनेशन. बालभारतीची पुस्तकं मोफत, गणवेश मोफत, दुपारी पोषण आहार, पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं प्रमाणच ठरलेलं आहे. कागदावरचं प्रमाण आणि ताटातलं प्रमाण वेगळं असू शकतं म्हणा, पण आमच्याकडे बचत गटाच्या ताई मटकीची उसळ करतात त्या दिवशी धाकटी घरी डबाच नको म्हणते. आमच्यासारख्या घरात, जिथे मी सकाळी साडेआठला कामाला बाहेर पडते, तिथे दुपारच्या गरम जेवणाची चिंता नसणं हे काय असतं ते फीच्या पावतीत दिसत नाही.

आणि शिकवणं. दुसरीत होती तेव्हाची गोष्ट, मी सहज वर्गात डोकावले तर पोरं जमिनीवर गोल करून बसलेली, मधे 100 मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे असे मणी, आणि बाजूला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. बाई म्हणाल्या 43 मधून 18 काढा. धाकटीने चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या घेतल्या, तीनातून आठ जात नाहीत म्हणून एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, काड्या सांडल्या, परत मोजल्या, आणि 25 म्हणाली. रबर सोडलं म्हणजे काय झालं ते तिला कळलं होतं. मोठा त्याच वयात "हातचा घ्यायचा" एवढंच म्हणायचा, कशाचा हातचा ते त्याला माहीतच नव्हतं, आणि मला त्याला इंग्लिशमधून ‘बॉरो’ समजावता येत नव्हतं. इंग्लिश मीडियमच्या पालकांनी राग मानू नका, हे माझ्याच घरातलं आहे. धाकटीची शाळा सेमी-इंग्लिश आहे, गणित इंग्लिशमधून आणि बाकी मराठी, त्यामुळे ‘टेन्स’ आणि ‘वन्स’ हे शब्द तिलाही येतात, पण वर्गात बोलणं आपल्या भाषेत चालतं. रात्री ती वाचून दाखवते आणि अडली तर मी सांगू शकते. मोठ्यासाठी ट्यूशन लावावी लागली, म्हणजे फी माफ पण ट्यूशन चालू.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते आणि ती कोणी मोजतच नाही. शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानेच सांगितलंय की त्यात 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, अध्यक्ष पालकांमधूनच, आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेला दरवर्षी पटाप्रमाणे अनुदान येतं, 31 ते 100 मुलं असतील तर 25,000 रुपये, आणि ते कशावर खर्च करायचं हे या समितीच्या बैठकीत ठरतं. आमच्या बैठकीत आधी रंगकामाचा विषय होता, मग एक ताई उभी राहून म्हणाली की मुलींच्या स्वच्छतागृहात नळच नाही, पोरी पाणी पीत नाहीत दिवसभर. सगळे गप्प झाले. आधी नळ मग रंग असं ठरलं. ती ताई शाळा शिकलेली नाही, अंगठा करते. खाजगी शाळेच्या सभेत आरटीईच्या पालकाला एवढं बोलता येईल का, मला तरी कधी जमलं नाही, मी मागच्या खुर्चीवर बसते.

चांगल्या झेडपी शाळा खरंच असतात का, असं विचारणाऱ्यांसाठी नावं सांगते. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, 10 लाख डॉलरचं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या 9 फायनलिस्ट शिक्षकांत वाटली. पुस्तकात क्यूआर कोड टाकून गोष्टी, कविता, व्हिडिओ पोरांपर्यंत पोचवायचं काम त्यांनी त्या छोट्या शाळेतून सुरू केलं होतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी तर प्रवेशाच्या वेटिंग लिस्टसाठी गाजली. आणि खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा, पट अगदी मोजक्या मुलांवर आलेला, तिथून उभी राहून 2025 मध्ये जगभरातल्या शाळांसाठीच्या वर्ल्ड्स बेस्ट स्कूल प्राइझेसमध्ये लोकांच्या मतांवर मिळणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कार घेऊन आली. तिन्ही ठिकाणी नाव नंतर झालं, आधी गुरुजी आणि गाव एकत्र राबले.

इथे एक अडचण लिहायलाच हवी. शाळा गाजली की बाहेरून गाड्या भरून मुलं यायला लागतात, पट वाढतो, वर्ग अपुरे पडतात. म्हणजे शाळा चांगली झाली की तिच्यावरचा ताणही वाढतो. आधी गावातलं पोर, मग जागा उरली तर बाहेरचं, हे समितीने धरून ठेवायला हवं, नाहीतर ज्यांच्यासाठी शाळा आहे तेच मागे राहतात.

बाकीच्या कमतरताही आहेत. 60 पर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक मंजूर, म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि त्यातले एक इलेक्शन ड्युटीला गेले की चारही वर्ग एकाच बाईंवर. वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत, पाचवीला लांब जावं लागतं, मुलगी असेल तर घरात त्यावरून वाद होतात. चांगल्या बाईंची बदली झाली की शाळेची कळाच जाते, हे मी शेजारच्या गावात डोळ्यांनी पाहिलंय. आरटीईच्या शाळेत निदान पहिली ते आठवी एकाच इमारतीत होतं, वर्गाला एक शिक्षक असतो, ग्राउंड असतं, आणि मोठा आता इंग्लिश बिनधास्त बोलतो, ते मी नाकारत नाही.

अजून एक फरक, घर हलणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा. आरटीईची सीट त्या शाळेची असते. नोकरी गेली, भाडं वाढलं, दुसऱ्या तालुक्याला जावं लागलं तर सीट तिथेच राहते, आणि मधल्या वर्गात दुसरी सीट मिळत नाही कारण तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतो. झेडपीत मात्र वर्षात कधीही, कुठल्याही वर्गात, वयाप्रमाणे नाव घालता येतं, दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हे बरोबर माहीत असतं. आणि नवोदयचं विसरू नका, जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे परीक्षा देऊन प्रवेश मिळणारी केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथल्या सहावीच्या निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात. आमच्या शाळेतले सर पाचवीच्या मुलांचा जादा तास त्यासाठीच घेतात, पैसे न घेता, संध्याकाळी साडेपाचपर्यंत.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी सांगते, फॉर्म भरा, जरूर भरा, पण त्याच आठवड्यात गावातल्या शाळेतही जाऊन या. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तिसरीतल्या कुठल्याही पोराला त्याच्या पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा, हुशार पोराला नाही, मागे बसलेल्याला. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा आणि वही मागा. ती वही तुम्हाला दाखवायला ते नाही म्हणणार नाहीत, म्हणाले तर तेही कळलंच. खाजगी शाळेतही जा, तिथल्या आरटीईच्या पालकांना गेटबाहेर गाठा आणि गेल्या वर्षी एकूण किती पैसे गेले ते विचारा.

आमच्या समितीची मुदत संपतेय, नव्या सदस्यांसाठी पालक सभा बोलावलीये. तो सोमवार आहे, म्हणजे माझा खाडा होणार आणि दिवसाची मजुरी जाणार. तरी मी जाणार आहे, यावेळी माझंही नाव देणार आहे. स्वच्छतागृहाचा नळ बसलाय पण टाकीला झाकण नाही.