मस्कीचा पहिला रॉड-रील : दुकानात यायच्या आधी वाचा

मस्की म्हणजे इथल्या तळ्या-नद्यांतला मोठा, दातेरी शिकारी मासा. मे महिना आला की आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "पन्नास इंची मासा ओढायचाय, सगळ्यात दणकट रॉड दाखवा." दणकट पाहिजेच, वाद नाही. पण मासा ओढणं हे दोन-चार मिनिटांचं काम आहे, तेही लागला तर, बाकी अख्खा दिवस तुम्ही नुसतं ल्युअर (गळ लावलेलं नकली आमिष) फेकताय आणि गुंडाळताय, फेकताय आणि गुंडाळताय. म्हणून पहिला सेट घेताना माशाचा विचार नंतर करा, आधी स्वतःच्या खांद्याचा आणि मनगटाचा करा.

गावी खाडीवर नाहीतर धरणावर गळ टाकून गप्पा मारत बसायची ज्यांना सवय आहे त्यांना हे सुरुवातीला पटत नाही. मिनेसोटातल्या मिनेटोंका किंवा व्हाइट बेअर लेकवर मस्कीसाठी गेलात तर बसायचं विसरा. दहा हजार कास्टचा, म्हणजे दहा हजार वेळा फेकल्यावर एकदा लागणारा, मासा म्हणतात याला, आता कोणी मोजायला गेलं नसेल, पण एक दिवस जाऊन या म्हणजे कळेल असं का म्हणतात ते.

तर रॉड. वॉलाय किंवा बास या लहान माशांचा जो सात फुटी रॉड घरात पडलाय तो चालेल का, हा पुढचा प्रश्न. नाही चालणार. मस्कीचे ल्युअर दोन औंसापासून सुरू होतात आणि रबरातलं पाउंडर नावाचं प्रकरण तर अख्ख्या एक पाउंडाचं असतं, बासच्या रॉडने ते फेकायला गेलात तर टोक तरी मोडेल नाहीतर ल्युअर दोरी तोडून एकटंच तळ्यात जाईल. पहिल्यांदा घेताय तर साडेआठ फूट, हेवी पॉवर (म्हणजे ताठ), फास्ट अ‍ॅक्शन (म्हणजे टोकाकडेच वाकणारा), रॉडवर ल्युअरचं वजन दोन-तीन ते आठ औंस असं काहीतरी छापलेलं असावं, बस्स. एक्स्ट्रा हेवी घेऊ नका, पाउंडरवाले लोक घेतात तो, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांचे खांदे दुखत असतात.

साडेआठच का, आठ का नाही, साडेनऊ का नाही. कारण फिगर एट. मस्कीची खोड अशी की ती ल्युअरच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येते आणि नुसती बघत राहते, म्हणून प्रत्येक कास्टच्या शेवटी, मासा दिसो न दिसो, रॉडचं टोक पाण्यात घालून मोठा आठाचा आकडा काढायचा, न थांबता, वळणं जितकी रुंद तितकं चांगलं, एवढ्या लांबीचा मासा तंग वळणात वळूच शकत नाही. सात फुटी रॉडने वळण छोटं पडतं आणि कमरेत वाकावं लागतं ते वेगळंच. साडेनऊ फुटी आणखी छान वळतो हे खरं, पण दिवसभर फेकायला जड, आणि गाडीत कसा मावणार तेही बघा. उंची कमी असेल तर आठ फुटी घ्या, काही बिघडत नाही. आणि हो, रॉडच्या मागच्या दांड्याची लांबी बघताना जाड जॅकेट घालून बघा. मोठे मासे शोधायला लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर पडतात, तेव्हा टी-शर्टवर मापलेला दांडा जॅकेटच्या बाहीत अडकत बसतो.

रीलमध्ये लोक जास्त गोंधळतात. स्पिनिंग (रॉडच्या खाली लटकणारं) नको, बेटकास्टर घ्या, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, ज्याची स्पूल (दोरीची चकरी) फेकताना स्वतः फिरते. लो प्रोफाइल म्हणजे बुटकं, ३०० किंवा ४०० साइज. शिमानोचं ट्रॅन्क्स, डायवाचं लेक्सा ही नावं तुम्ही ऐकली असतील, दोन्ही चांगली आहेत, हातात कुठलं बसतं ते बघून ठरवा. आमचं मत विचाराल तर बजेट तंग असेल तेव्हा रॉड मधला घ्या आणि पैसे रीलवर टाका. मधल्या किमतीचा रॉडसुद्धा बरीच वर्षं काढतो, स्वस्त रीलचे गिअर मात्र ल्युअरवरच्या मोठ्या फिरत्या ब्लेडच्या (पात्याच्या) ओढीनेच खिळखिळे होतात, मासा लागायच्या आधीच.

गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरते ते. दहा नंबरची दोन ब्लेडं असलेलं बकटेल (केसांच्या शेपटीचं ल्युअर), ज्याला सगळे डबल टेन म्हणतात, ते पाण्यातून ओढणं म्हणजे बादली ओढण्यासारखं आहे, त्याला पाच-सहाच्या आसपासचा रेशो बरा, हाताला हलका लागतो. सात-आठचा रेशो ग्लाइड बेटला (डावी-उजवीकडे सरकत येणारं ल्युअर) किंवा ढिली दोरी पटकन गोळा करायला उपयोगी, पण त्याने दिवसभर डबल टेन ओढून बघा, संध्याकाळी चहाचा कप उचलवणार नाही. एकच रील घ्यायचं तर सहाच्या जवळपासचं घ्या. हँडलची मूठ मोठी हवी, थंडीत हातमोजे घालून धरता आली पाहिजे.

दोरी ८० पाउंडाचा ताण झेलणारी ब्रेडेड (विणलेली), यात फार डोकं लावायचं काम नाही. लोक म्हणतात मासा तर वीस-तीस पाउंडाचा, मग ८० कशाला? एक म्हणजे मोठं ल्युअर फेकताना मध्येच दोरी अडकली तर जो झटका बसतो तो पातळ दोरीला झेपत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, पातळ दोरीवर मासा दमवून दमवून आणावा लागतो आणि असा दमलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. स्पूलवर आधी थोडी मोनो (साधी एकपदरी नायलॉन दोरी) गुंडाळून मग ब्रेड भरायची, नाहीतर अख्खी दोरी स्पूलवर गोल फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ताण ठेवून दोरी सुटू देणारा ब्रेक) गेला. हे आम्ही दुकानात करून देतो. पुढे दोरी आणि ल्युअरच्या मध्ये लीडर, म्हणजे दातांना दाद न देणारा जाड तुकडा, हवाच, १०० ते १३० पाउंडाचा फ्लोरोकार्बन, फूटभर लांब पुरतो. लीडर नसेल तर दात ब्रेड कापतात आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो.

बेटकास्टरची भीती वाटते ना, दोरीचं घरटं होतं म्हणून? सुरुवातीला ब्रेक जास्त ठेवा, स्पूलचा ताण इतका की अंगठा सोडल्यावर ल्युअर सावकाश खाली उतरावं, आणि ल्युअर पाण्याला टेकतं त्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवा. गळ काढलेलं ल्युअर लावून मागच्या अंगणात नाहीतर मोकळ्या पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी सराव करा, तळ्यावर शेजारची बोट बघत असताना शिकू नका.

आता एक गोष्ट जी ऐकून काही गिऱ्हाइकं नाराज होतात. रॉड-रीलवर सगळे पैसे संपवू नका. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, विस्कॉन्सिनला साधारण नियम ४० इंचांचा आहे आणि काही पाण्यांवर त्याहून जास्त, म्हणजे तुम्हाला लागणारी जवळपास प्रत्येक मस्की परत सोडायचीच आहे. (कालवणाचं मनात असेल तर वॉलाय धरा, चवीलाही तोच बरा.) त्यासाठी मोठी, रबर चढवलेली जाळी, लांब पक्कड आणि गळ कापायचं दणकट कटर लागतं. कटर माशासाठी आहे तसंच तुमच्यासाठीही आहे, तीन काट्यांचा गळ बोटात घुसला आणि दुसऱ्या बाजूला मासा तडफडतोय असं झालं तर दुसरा उपाय नाही. या तिन्ही गोष्टी नसतील तर आम्ही सरळ सांगतो, रॉड थोडा स्वस्त घ्या. आणि भर उन्हाळ्यात पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्की सोडून दुसरं काहीतरी धरा, गरम पाण्यात ती सावरत नाही.

दोघं जण जात असाल, नवरा-बायको, बाप-लेक, कोणीही, तर पहिल्या सीझनला एकच सेट पुरतो. एकाने फेकायचं, दुसऱ्याने जाळी सांभाळायची, हात दुखले की बदली. परवाना मात्र सोळा वर्षं आणि वरच्या प्रत्येकाकडे हवा, आणि विस्कॉन्सिनला चिपेवा फ्लोएज या जलाशयाकडे जाणार असाल तर तिकडचा वेगळा लागतो. तिकडे गेलात तर हेवर्ड गावात फायबरग्लासची ती अवाढव्य मस्की आहे, पोरांना तिच्या जबड्यात उभं करून फोटो काढा, निदान एक मस्की तरी नक्की मिळेल.

मिनेसोटाचा सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि दोरी भरून घ्यायलाच तास जातो, त्यामुळे मे महिन्यातच या, शक्यतो मधल्या वारी संध्याकाळी. येताना हिवाळ्याचं जॅकेट आणा, घरातला जुना रॉड असेल तर तोही आणा. तीन-चार रॉड मागच्या पार्किंगमध्ये प्रत्यक्ष फेकून बघू, मग ठरवू.