वायरमन, प्लंबर, पेंटर, फॅब्रिकेशनवाल्यांसाठी: दिवस जातो कुठं?

नमस्कार मंडळी. आमच्याकडं हिशोबाचं आणि टॅक्सचं काम देणाऱ्यांसाठी हे पत्रक. रिटर्नची तारीख जवळ आली की तुमच्यातले बरेच जण प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात, त्यात वर्षभराची हार्डवेअरची बिलं, काही तर कोरीच झालेली, कारण तो कागद थर्मलचा असतो आणि गाडीच्या डिकीत तापला की अक्षरं उडून जातात. मग आम्ही विचारणार हे कुठल्या कामाचं, आणि तुम्ही म्हणणार बघावं लागतंय.

बिल हातात पडलं की दुकानातच फोटो मारा आणि स्वतःलाच व्हॉट्सॅप करा, खाली गिऱ्हाइकाचं नाव. एवढंच.

आता वेळेचं. बेळगावात अनगोळला वायरिंगचं काम आहे, साडेनऊला पोचलात, दहाला कळलं कन्सील बॉक्स चार कमी. मार्केटात गेलात, येताना रेल्वे गेट पडलं, आलात तर टेपच संपला. असा दिवसाचा अडीच-तीन तास जातो आणि त्याचे पैसे कोण देतंय? धरा, घराला महिन्याला 30 हजार लागतात, काम 25 दिवस, म्हणजे दिवसाला 1200. 9 तासांनी भागलं तर तासाला 133 पडतात, पण हातात टेस्टर खरा 6 तासच असतोय की, मग 200 पडतात, आणि यात अजून पेट्रोल, ड्रिल बिट, हाताखालच्या पोराचा पगार धरलेलाच नाही. रेट सांगताना आपण 133 चा विचार करतो, तिथंच घोळ होतो.

म्हणून आदल्या संध्याकाळी सामानाची यादी गिऱ्हाइकाला पाठवा आणि पैसे त्यालाच थेट दुकानदाराला द्यायला सांगा. फेऱ्या वाचतातच, पण दुसरा फायदा मोठा. सामानाचे पैसे तुमच्या फोनपेवर आले की तुमच्या खात्यात उलाढाल फुगलेली दिसते. नुसत्या सर्व्हिसला जीएसटीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, सामान तुम्ही घालून दिलं तर तेही त्यात धरतात. 2025 च्या जुलैत कर्नाटकात युपीआयच्या आकड्यांवरनं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या ते आठवत असेल. आता घाबरून कोण कॅशवर जाऊ नका हं. अंदाजी नफ्यावर टॅक्स भरणाऱ्याला कॅशच्या जमेवर 8 टक्के नफा धरतात आणि बँकेतनं आलेल्यावर 6 टक्के, म्हणजे फोनवर घेतलेलंच परवडतं.

उद्यमबागेत, मच्छेत फॅक्टरीवाल्यांचं जॉबवर्क करणाऱ्यांनी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. सरकारी साइटवर फुकट होतं, कोण हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. ते असलं की पार्टीनं लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदाच आहे. मागायला लाजू नका, बिलावर उद्यम नंबर छापा.

पावसात पेंटरचं काम बंदच असतं, तेव्हा या, सावकाश बसून बघू. येताना आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट आणि ती पिशवी आणा, चहा आमच्याकडं.