इस्रायल सहल: 'शेरुतीम' म्हणा, 'शेरूत' नव्हे

कृषी सहल असो की पवित्र भूमीची यात्रा, निघण्याआधीच्या बैठकीत व्हिसा आणि जेवण यांच्या खालोखाल एकच प्रश्न येतो. तोही बैठक संपल्यावर, हळू आवाजात: "तिकडं बाथरूमला जायचं तर विचारायचं कसं?" यात संकोचण्यासारखे काहीच नाही, म्हणून हे पत्रक.

वाक्य एवढेच आहे: "स्लिखा, एफो हा-शेरुतीम?" म्हणजे "माफ करा, शौचालय कुठे आहे?" 'स्लिखा'मधला ख घशातून थोडा घासत काढा. 'एफो'मधला फ 'फॅन'मधला, 'फळ'मधला नाही. आणि सगळा जोर शेवटच्या 'तीम'वर द्या.

हा 'तीम' गिळला की घोटाळा होतो. हिब्रूत 'शेरूत' म्हणजे सेवा. अनेकवचनी 'शेरुतीम' म्हणजे शौचालय. पण रस्त्यावर नुसते 'शेरूत' म्हटले की लोकांना शेअर टॅक्सी कळते. ठरलेल्या मार्गावर धावणारी छोटी गाडी, आपल्याकडच्या वडापसारखी. तेल अवीवमध्ये ४ आणि ५ नंबरच्या मार्गांवर ती सतत धावते, आणि बेन गुरियन विमानतळाबाहेर जेरुसलेमला जाणारी उभी असते. तुम्ही घाईत "एफो हा-शेरूत?" विचारता, समोरचा माणूस आपुलकीने तुम्हाला दाराबाहेर टॅक्सीपर्यंत पोचवतो. चूक त्याची नसते. पण विमानतळाच्या इमारतीबाहेर पडलात की आत येताना पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि तोवर सगळा गट सामानासह खोळंबलेला. आमच्या सहलींचा सर्वाधिक वेळ या एका अक्षराने जातो. म्हणून घरीच दहा वेळा मोठ्याने म्हणा: शे-रु-तीम. म म्हणताना ओठ मिटले पाहिजेत.

उत्तरही कळायला हवे. यामिना म्हणजे उजवीकडे, स्मोला डावीकडे, याशार सरळ. लेमाला वर आणि लेमाता खाली. हे दोन आपल्या कानाला सारखेच वाटतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या हाताकडे बघा. उपाहारगृहात शिरलात तर "एफशार लेहिश्तामेश बा-शेरुतीम?" म्हणजे "शौचालय वापरू का?" हे वाक्य बाई आणि पुरुष दोघांनाही जसेच्या तसे चालते. दाराला आकड्यांचे कुलूप असेल तर "मा हा-कोद?" विचारा, काही ठिकाणी कोड बिलावरच छापलेला असतो. १ आणि २ शेकेलची नाणी खिशात ठेवा, काही सार्वजनिक ठिकाणी ती लागतात.

आता दार. कधी चित्र नसते, नुसता शब्द असतो: पुरुषांसाठी 'ग्वारीम', स्त्रियांसाठी 'नाशीम'. हिब्रू उजवीकडून वाचतात आणि आपली नजर सवयीने डावीकडे जाते. तिथे दोन्ही शब्दांचा शेवट अगदी सारखाच आहे. सुरुवातीची गिमेल आणि नून ही अक्षरेही जुळ्या बहिणींसारखी: गिमेलचा तळ फाटलेला, नूनचा सरळ आडवा. त्यापेक्षा सोपी खूण: ज्या शब्दात त्रिशूळासारखे तीन काट्यांचे अक्षर (शीन) आहे, ते दार स्त्रियांचे.

नाझरेथमध्ये किंवा बेथलेहेमला गेल्यावर अरबी बोलणारे भेटतील, तिथे "वेन इल-हम्माम?" विचारा. अश्दोद, दिमोना, लोद या गावांत कोकणातून गेलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबे आहेत. त्यांतली वडीलधारी माणसे मराठीत उत्तर देतील, तेव्हा आधी नमस्कार करायला विसरू नका.

"गाडी मध्येच का थांबवत नाही?" अशी तक्रार येते. मोठी बस हमरस्त्याच्या कडेला उभी करता येत नाही, आणि दक्षिण टोकाच्या एलात शहराकडे जाताना वाळवंटात दोन थांब्यांमधले अंतर बरेच असते. म्हणून आम्ही थांबे आधीच ठरवतो आणि बस सुटण्याआधी पुढचा थांबा किती वेळाने आहे ते सांगतो. गरज वाटत नसली तरी प्रत्येक थांब्यावर उतरा. शौचालयाच्या भीतीने पाणी पिणे मात्र बंद करू नका. विशेषतः स्त्रिया असे करतात, आणि मृत समुद्राकाठच्या उन्हात, समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून अधिक खाली, चक्कर यायला वेळ लागत नाही.

आत पाण्याचा नळ क्वचितच हाताशी असतो, कागदच असतो. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली पिशवीत असू द्या.

आमच्याकडे नोंदणी केलेल्या प्रत्येकाला पासपोर्टच्या पाकिटात एक लॅमिनेट केलेले कार्ड मिळते: एका बाजूला मोठ्या हिब्रू अक्षरांत 'शौचालय कुठे आहे?' हे वाक्य, दुसऱ्या बाजूला दोन्ही दारांचे शब्द शेजारी शेजारी. बोलता आले नाही तर कार्ड दाखवा. निघण्याआधीच्या बैठकीत अर्धा तास उच्चारांसाठी राखून ठेवलेला असतो. त्या वेळी घरच्या मोठ्या माणसांनाही सोबत आणा. अजून नोंदणी केली नसेल तरी कार्यालयात येऊन कार्ड बघता येईल.