सांधेदुखीचं औषध डोक्याच्या कातडीपर्यंत कसं आलं

डोक्यात केसतोड समजून फोडलेलं गळू पुन्हा त्याच जागी भरतं, शेजारी दुसरं उठतं आणि एक दाबलं की पू तिसऱ्याच तोंडातून येतो. सकाळी उशीच्या अभ्र्याला पिवळट-लाल डाग दिसतात. कोल्हापुरात अशा पोराला 'सलूनचा वस्तरा बाधला' म्हणतात; तालमीत जाणारा असला तर खापर लाल मातीवर फुटतं. दोन्ही चूक. डोक्याच्या कातडीचा डिसेक्टिंग सेल्युलायटिस हा दुर्मीळ आजार संसर्गजन्य नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक रुग्ण विशी ते चाळिशीतले पुरुष असतात.

1903 मध्ये स्पिट्झर यांनी तो पहिल्यांदा नोंदवला, पुढे एरिक हॉफमन यांनी त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं. पू दिसतो म्हणजे जंतू असणार, या समजुतीने पुढची अनेक दशकं चिरा देण्यात, अँटिबायोटिकमध्ये आणि क्ष-किरणांनी केस काढण्यात गेली. तो पू तपासला तर बऱ्याचदा जंतू सापडतच नाहीत. केसांची मुळं बुजतात, फुटतात आणि शरीराचीच प्रतिकारशक्ती तिथे पेटून उठते. काखेत-जांघेत वारंवार गळवं उठण्याचा आजार याचाच भाऊबंद, हे 1956 मध्ये मांडलं गेलं. पुढे मुरमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आल्या. त्यांनी अनेकांना आराम पडला, पण काहींचा आजार गोळ्या थांबताच उलटला.

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली औषधं; त्यांची वाट वेगळ्याच दिशेने आली. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच लक्ष्याला धरणारी अँटिबॉडी तयार करण्याची रीत शोधली. त्याच वर्षी दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचं वर्णन झालं. त्याला रोखणारं अँटिबॉडीचं औषध इन्फ्लिक्सिमॅब 1998 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी मंजूर झालं, तर त्याच जातीचं अडॅलिमुमॅब 2002 च्या अखेरीस संधिवातासाठी. काखेतल्या गळवांसाठी त्याला मान्यता मिळायला 2015 उजाडलं. डोक्याच्या या आजारासाठी त्याला स्वतंत्र मंजुरी नाही; आधार आहे तो थोड्या रुग्णांच्या नोंदींचा. 2010 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद छापली. अडॅलिमुमॅबने दाह बसला, पण कातडीखाली आधीच पडलेले बोगदे तसेच राहिले. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण औषध काय करतं आणि काय करत नाही हे तिच्यात स्वच्छ दिसतं.

डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडॅलिमुमॅबचं भारतीय रूप बाजारात आणलं. ते मूळ औषधापेक्षा बरंच स्वस्त होतं, तरी सामान्य घराला खर्च जडच.

आपल्याकडे क्षयाचा प्रश्न त्याहून मोठा. टीएनएफ दबला की फुफ्फुसात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, हे 2001 मध्येच ध्यानात आलं. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू ही क्षयाची कातडीवरची चाचणी हवीच. या दोन्ही कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात होतात. सुप्त क्षय निघाला तर आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या सुरू करायच्या, त्या साधारण महिनाभर घेऊन झाल्या की मगच बायोलॉजिकचा विचार; गोळ्यांचा कोर्स मात्र पुढे पूर्ण करायचा. तोवर डॉक्टर दुसऱ्या औषधांवर दाह आटोक्यात ठेवतात.