व्यूहात कोणी कुठे उभं राहायचं?

प्राचीन लढायांवरचे रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे पाळीची वाट न पाहता सलग लढाई चालवायचे गेम, खेळणाऱ्यांची एक मागणी कायम असते: सैनिकांना व्यूह रचता आले पाहिजेत. 1997 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये ही सोय नव्हती. सैनिक निवडून क्लिक केलं की सगळे घोळक्याने धावत सुटायचे. 1999 च्या दुसऱ्या भागात फॉर्मेशन आली. पुढे मुक्त स्रोत ‘झिरो ए.डी.’मध्ये तर फॅलँक्स (ग्रीकांची भालाइतांची दाट फळी) आणि टेस्टुडोही (रोमनांची ढालींनी झाकलेली रचना) आले. खेळणाऱ्यांना वाटतं, यात काय विशेष, चौकोन आखायचा आणि त्यात माणसं उभी करायची! चौकोन आखणं सोपंच आहे. पण विखुरलेल्या 40 भालाइतांपैकी कोणी कुठल्या जागेवर जायचं? सगळा जीव या प्रश्नात आहे, आणि मला तो गेमच्या चित्रांपेक्षा कितीतरी सुंदर वाटतो.

40 माणसं 40 जागांवर किती प्रकारे उभी राहू शकतात? 40 गुणिले 39 गुणिले 38, असं 1 पर्यंत. म्हणजे साधारण 8 वर 47 शून्यं. सगळे प्रकार तपासणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून पहिल्यांदा सुचतो तो उपाय असा: प्रत्येकाने आपल्या जवळची रिकामी जागा पकडावी. सुरुवातीच्यांची छान सोय होते. शेवटी उरलेल्याच्या वाट्याला मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाची जागा येते, आणि तो सगळ्यांच्या मधून वाट काढत जातो. पडद्यावर हे दृश्य फार केविलवाणं दिसतं.

इथे शाळेतला पायथागोरस मदतीला येतो. दोन सैनिक एकमेकांपासून 4 मीटरवर उभे आहेत. त्यांच्या बरोबर समोर, 3 मीटरवर, दोन जागा आहेत. पहिला समोरच्या जागेवर न जाता तिरपा दुसऱ्या जागेकडे गेला आणि दुसरा पहिल्याच्या, तर प्रत्येकाला 5 मीटर चालावं लागतं. एकूण 10 मीटर, शिवाय वाटेत टक्कर. जागांची अदलाबदल केली की एकूण 6 मीटर. हे नेहमीच खरं असतं: दोन वाटा एकमेकींना छेदत असतील तर अदलाबदल करून एकूण चाल कमी करता येतेच. म्हणजे एकूण चाल सर्वांत कमी करणारी वाटणी सापडली, की तिच्यात फुली मारणाऱ्या वाटा असूच शकत नाहीत.

अशी वाटणी शोधण्याची पद्धत हॅरोल्ड कून या गणितज्ञाने 1955 साली दिली. केनिग आणि एगेरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी असल्याने कूनने तिला ‘हंगेरियन पद्धत’ म्हटलं. तिच्या आजच्या सुधारित रूपात काम माणसांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 40 जणांसाठी 64,000 च्या पटीत पायऱ्या, संगणकाला अगदी किरकोळ.

आता थोडं खोलात. नुसती अंतरांची बेरीज कमी करून भागत नाही. एकाच रेषेवर 0 आणि 1 मीटरवर दोन सैनिक आहेत, जागा 2 आणि 3 वर. दोघे 2-2 मीटर पुढे सरकले तर बेरीज 4. मागचा 3 मीटर चालून पुढच्याला ओलांडून गेला आणि पुढचा एकच मीटर सरकला, तरी बेरीज 4! बेरजेला फरकच कळत नाही. वर्ग घ्या: पहिल्या वेळी 4+4 म्हणजे 8, दुसऱ्या वेळी 9+1 म्हणजे 10. वर्गांची बेरीज एकावरच लांबची चाल लादणारी वाटणी लगेच पकडते. तिचा आणखी एक गुण आहे. मोकळ्या मैदानात सगळे एकदम निघाले, आपापल्या ठरावीक वेगाने सरळ रेषेत चालले आणि एकदमच पोहोचले, तर कोणतेही दोघे एका क्षणी एका जागी येत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी सैनिकांमध्ये किमान 1 मीटर अंतर असेल, तर वाटेत ते 1 भागिले वर्गमूळ 2, म्हणजे सुमारे 0.7 मीटरच्या खाली जात नाही. दोन सैनिकांमधलं अंतर सदिश (दिशेसकट अंतर) म्हणून लिहिलं, की वाटणीच्या अटीवरून सुरुवातीचा आणि शेवटचा सदिश यांचा बिंदू-गुणाकार ऋण येत नाही, म्हणजे त्यांच्यातला कोन काटकोनापेक्षा मोठा नसतो, आणि उरलेलं आपोआप सिद्ध होतं. टक्कर टाळायचा वेगळा नियम लिहावाच लागत नाही. यंत्रमानवांचे ताफे हलवतानाही हेच गणित वापरतात. अशा हालचाली पाहून ‘एआय सेनापतीसारखा विचार करतो’ असं म्हणणारे आहेत. इथे विचार कोणी करत नाही, इथे एक नीट मांडलेली बेरीज आहे.

प्रत्यक्षात सगळे सैनिक सारखेही नसतात. मॅसिडोनियन फॅलँक्समध्ये ओळ 16 जणांची खोल, हातात 4 ते 6 मीटर लांबीचा सरिसा भाला, आणि कसलेला माणूस सर्वांत पुढे. शत्रू मागून आला आणि सगळे जागच्या जागी वळले, तर नवखे पुढे येतात. यावर ग्रीक कवायतीत तीन उपाय होते, युद्धकलेवर लिहिणाऱ्या ग्रीक लेखक अस्क्लेपिओडोटसच्या ग्रंथात ते सापडतात. मॅसिडोनियन पद्धतीत पुढचा माणूस जागीच वळतो आणि बाकीचे त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. फळी शत्रूपासून मागे हटल्यासारखी दिसते. लॅकोनियन पद्धतीत तो ओळीच्या मागे चालत जातो, फळी चाल करून गेल्यासारखी वाटते. क्रेटन पद्धतीत फळी आपली जमीन सोडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा जागावाटपाचाच प्रश्न! गेममध्ये तो असा उतरतो: पहिल्या रांगेतल्या जागेसाठी नवख्याच्या अंतरात मोठा दंड मिळवायचा. बाकी काम हंगेरियन पद्धत करते.

महाभारतातले व्यूह म्हटले की गोल गोल रेखाकृती आणि खाली ‘हरवलेलं प्रगत गणित’ असा मजकूर फिरत असतो. भीष्मपर्वातल्या क्रौंचव्यूहाच्या वर्णनात द्रुपद पक्ष्याच्या डोक्याच्या जागी आहे, म्हणजे कोण कुठे हे तिथेही नेमकं सांगितलंय. मोजमापं आणि समीकरणं मात्र त्यात नाहीत. काव्यातली कल्पना तशीच मोठी आहे, तिला खोट्या गणिताचे टेकू नकोत.

अनेक खेळाडूंच्या गेममध्ये आणखी एक अडचण येते. अशा गेममध्ये बहुधा प्रत्येक संगणक सगळी लढाई स्वतंत्रपणे चालवतो आणि नेटवर्कवरून फक्त आज्ञा जातात. दोन सैनिक एका जागेपासून अगदी सारख्या अंतरावर असले आणि एका संगणकाने एकाला, दुसऱ्याने दुसऱ्याला निवडलं, तर तिथून दोन वेगळ्या लढाया सुरू होतात. म्हणून बरोबरी झाली की कमी अनुक्रमांकाच्या सैनिकाला जागा द्यायची, आणि अंतरं दशांशाच्या तरत्या आकड्यांऐवजी पूर्णांकांत मोजायची, म्हणजे सगळ्या यंत्रांवर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच येतं.