नॉट एक्झिस्ट्स स्लो असतं, हे आता सोडा

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, ज्या कस्टमरची एकही ऑर्डर नाही ते शोधायचे असले की हमखास सांगितलं जातं, नॉट एक्झिस्ट्स ('असा एकही रो नाही ना' हे तपासणारी अट) नको, सबक्वेरी (आतली क्वेरी) प्रत्येक रोला परत परत चालते, लेफ्ट जॉइन करून (दोन्ही टेबलं जोडून) इज नल लाव, म्हणजे ज्यांना जोडी न मिळाल्याने किंमत रिकामी (नल) राहिली तेच रो घे. अहो, डेटाबेसपैकी पोस्टग्रेस 8.4 पासून, म्हणजे 2009 पासून, आणि मायएसक्यूएल 8.0.17 पासून ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) नॉट एक्झिस्ट्सचा सरळ अँटी जॉइन (जोडी न मिळालेले रोच ठेवणारा जॉइन) करू शकतो, एक्स्प्लेन (क्वेरीचा प्लॅन दाखवणारी कमांड) चालवून बघा, पोस्टग्रेसमध्ये तर प्लॅनमध्ये तसं लिहूनच येतं. मग वाचायला सोपं तेच लिहा ना.

खरा धोका नॉट इनचा ('या यादीत नाही' ही अट) आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. समजा कस्टमर 1, 2, 3 आहेत आणि ऑर्डर टेबलात कस्टमर आयडी 1 आणि एक नल. ऑर्डरमधल्या आयडींवर नॉट इन लावलं तर उत्तर 2 आणि 3 यायला हवं, येतं शून्य रो! कारण 3 हा नलपेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही, ते 'माहीत नाही' असतं, आणि व्हेअर (क्वेरीतला अट लावणारा भाग) फक्त 'हो' वालेच रो पुढे सोडतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, रिपोर्ट रिकामा आणि आपण समजतो सगळ्यांनी ऑर्डर दिली. नॉट एक्झिस्ट्समध्ये हे होत नाही.